मदत हवी आहे: दोन अ‍ॅम्प्लिफायरसाठी मेन फ्यूज किती अँपिअरचा?

गाडीत दोन अ‍ॅम्प्लिफायर बसवतोय. एकावर ३० अँपिअरचे दोन फ्यूज आहेत, दुसऱ्यावर ४० चा एक. बॅटरीपासून डिकीपर्यंत ४ गेजची (गेज म्हणजे वायरच्या जाडीचं माप) वायर साधारण ५ मीटर जाईल. मेन फ्यूज वायरला वाचवण्यासाठी असतो आणि तो बॅटरीच्या प्लसपासून ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, इथपर्यंत कळलंय. पण किटमधली वायर निघाली तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची! तिच्यावर १०० चा फ्यूज चालेल, की सरळ शुद्ध तांब्याची वायर घेऊ? डिस्ट्रिब्युशन ब्लॉकपुढे (जिथे मेन वायर दोन्ही अ‍ॅम्प्लिफायरसाठी विभागली जाते) ८ गेजच्या, म्हणजे आणखी बारीक वायरी आहेत, तिथे प्रत्येकीला वेगळा फ्यूज लागेल ना? आणि फिटर अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टवर द्यायचं म्हणतोय, मला ते अजिबात पटत नाही. रंग खरवडून बॉडीच्या पत्र्यावर दिलेलं बरं ना?