मदत हवी आहे: लेस्टरशायर-रटलंडमध्ये हिवाळ्यात कुठले दुर्मिळ पक्षी बघायचे? (बाबा येतायत)

सायली लेस्टरवाली

नमस्कार मंडळी, बाबा नोव्हेंबरात येतायत, जानेवारी संपेपर्यंत इथेच आहेत. माणूस इंदापूरचा, उजनीच्या काठावर पक्षी बघण्यात हयात गेली, त्यामुळे किल्ले-म्युझियम दाखवून भागणार नाही, आल्या आल्या विचारणार "तुमच्याकडे स्पेशल काय?" म्हणून मी इथल्या बर्डर लोकांच्या याद्या चाळल्या तर दुर्मिळ म्हणून काय, हुदहुद, भोरड्या, शेकाट्या आणि चक्क आपली साधी घार! फोनवर वाचून दाखवलं तर बाबा म्हणे हे बघायला व्हिसाचे पैसे भरायचे होय? इथल्या रटलंड वॉटर धरणावरच्या ऑस्प्रेचं (मासे पकडणारा शिकारी पक्षी) इतकं कौतुक चाललेलं असतं, पण तो तर भिगवणला बोटीत बसलं की खुंटावर दिसतोच.

तर मला असे पक्षी सुचवा जे इथेही रोजचे नाहीत आणि महाराष्ट्रात तर शक्यच नाहीत. अडचणी सांगते. बाबांचे गुडघे दुखतात, चिखलातून लांब चालणं नको. कार फक्त वीकेंडला, बाकी बस-ट्रेन. बायनॉक्युलर आहे, टेलिस्कोप नाही. आणि एक बेसिक शंका, इथून समुद्र सगळ्याच बाजूंनी लांब, मग असं काही येतं तरी का?

पाणकावळा

येतं की. रटलंड वॉटर हे पृष्ठभागाच्या हिशेबाने इंग्लंडमधलं सगळ्यात मोठं धरण, १९७० च्या दशकात बांधलेलं, आणि पूर्वेच्या वॉशच्या खाडीकडून जमिनीवरून पलीकडे पश्चिमेच्या सेव्हर्न नदीकडे निघालेल्या पक्ष्यांना वाटेत हे एवढं पाणी दिसतं. हवा स्वच्छ असेल तर ते उंचावरून निघून जातात, आपल्याला पत्ताही लागत नाही. ढग खाली आले, पाऊस लागला की मात्र उतरतात. त्यामुळे इकडचे लोक पक्ष्यांच्या आधी हवामान बघतात. शरद ऋतूत मोठं वादळ होऊन गेलं की ग्रे फॅलरोपसारखे पार समुद्रातले पक्षी पण धरणांवर येऊन टेकतात, एकदोन दिवसात गायब.

तुमच्या बाबांसाठी माझं पहिलं मत ग्रेट नॉर्दर्न डायव्हरला. आइसलंडकडून येतो, हिवाळा खरं तर समुद्रावर काढतो, पण रटलंड वॉटरला बहुतेक हिवाळ्यात एखादा तरी असतोच. भारतात बघायचं नावच नको. नॉर्मंटनला गाडी लावा आणि धरणाच्या भिंतीच्या बाजूने खोल पाण्यावर नजर ठेवा, रस्ता सपाट आणि पक्का आहे. लांबून पाणकावळाच वाटतो (माझं नाव आहे म्हणून सांगत नाही, खरंच वाटतो), पण चोच जाड, भाल्यासारखी सरळ, कपाळावर उंचवटा आणि अंग पाण्यात खोल बसलेलं. बुडी मारली की मिनिटभर वर येत नाही आणि येतो तो भलतीकडेच, त्यामुळे जिथे बुडाला तिथेच डोळे लावून बसू नका. वारा मरणाचा असतो, कानटोपी मस्ट.

बारामतीचा बाळ्या

सायलीताई, तुम्ही ज्या याद्या वाचल्या त्या एप्रिल-मेच्या असणार. हुदहुद आफ्रिकेतून स्पेन-फ्रान्सला परत येताना जास्तच पुढे उडतो आणि इंग्लंडात उतरतो, म्हणून त्याचं अप्रूप. कुणाच्या लॉनवर उतरला की शंभर मैलांवरून माणसं गाड्या काढून येतात, आणि आमच्या गावाकडे तो उकिरड्यावर चोच खुपसत फिरतो ☺️ ऑस्प्रे तसेही बाबांना भेटणार नाहीत, सप्टेंबरपर्यंत पश्चिम आफ्रिकेला जातात. पण त्यांचं कौतुक का ते बाबांना सांगा, इथल्या भागातून ते नाहीसेच झाले होते, १९९६ पासून स्कॉटलंडची पिल्लं आणून सोडली आणि २००१ मध्ये पहिल्यांदा घरटं यशस्वी झालं.

ढोकरी

वॅक्सविंग! पण हा नशिबाचा भाग आहे. स्कँडिनेव्हियात रोवनच्या फळांचा हंगाम बुडाला की थवेच्या थवे इकडे येतात, २०२३-२४ ला भरपूर आले होते, एरवी एखादाच नाहीतर शून्य. गुडघ्यांची काळजीच नको, कारण रोवनची झाडं सुपरमार्केटच्या पार्किंगमध्येच लावलेली असतात आणि हे तिथेच येतात. डोक्यावर तुरा, शेपटीला पिवळी किनार, पंखावर लाखेचे थेंब पडावेत तसे लाल ठिपके. आणि भित्रा अजिबात नाही, ट्रॉली ढकलत खालून गेलात तरी फळं गिळत बसतो.

स्म्यू नावाच्या बदकाचा नर पण सांगितला असता, पांढराशुभ्र, अंगावर काळ्या रेघा, पण हल्ली हिवाळे सौम्य झालेत, बाल्टिककडे पाणी गोठत नाही मग ते कशाला इतक्या लांब येतील. कडाक्याची थंडी पडली तरच आशा ठेवा.

निमा नॉटिंगहम

दुर्मिळ दुर्मिळ काय करताय, फील्डफेअर आणि रेडविंग (दोन्ही कस्तुराच्या जातीतले) इथे थंडीत शेताशेतात असतात आणि काकांना दोन्ही नवीनच की! डायव्हर दिसला नाही तर काका दिवसभर तोंड पाडून बसतील, हे दोन बहुतेक मिळतातच.

गाडीतून बघायचं तर आयब्रुक. कॉर्बीच्या पोलाद कारखान्यासाठी बांधलेलं धरण, दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतली धरणं फोडणाऱ्या डॅमबस्टर वैमानिकांनी १९४३ ला सराव केला ते हेच. स्टोक ड्राय गावाजवळून रस्ता अगदी पाण्याला लागून जातो, काच खाली केली की झालं, गोल्डन प्लोव्हरचे मोठे थवे दिसतील. वीकडेला लेस्टरहून ओकहॅमला थेट ट्रेन आहे, पण पुढे रटलंड वॉटरच्याच एगल्टन रिझर्व्हपर्यंत चाल आहे, गुडघे बघता टॅक्सी करा. तिथे तिकीट लागतं, पण हाइडमध्ये (पक्षी बघायच्या आडोशाच्या खोलीत) बसून बघता येतं.

पाणकावळा

आणि रोज सकाळी लेस्टरशायर अँड रटलंड ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीची वेबसाइट बघा, दोन्ही काउंटींच्या ताज्या नोंदी असतात. त्याशिवाय नुसतं निघू नका. डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, जेवून निघू म्हणालात तर पोचेपर्यंत अंधार.

सायली लेस्टरवाली

सगळ्यांचे खूप आभार! बाबांना वाचून दाखवलं, डायव्हर आणि वॅक्सविंग पसंत आहेत, स्म्यूसाठी थंडी पडू दे म्हणाले, आई म्हणाली मुळीच नको. पहिल्या शनिवारी नॉर्मंटन नक्की. तिथे टॉयलेट आहे का, आणि टेलिस्कोप नसेल तर अगदीच व्यर्थ आहे का?

ढोकरी

टॉयलेट आहे, कॅफे पण आहे. टेलिस्कोप नसला तरी जा, भिंतीवर कुणी ना कुणी स्कोप लावून उभा असतोच, काय दिसतंय विचारलं की स्वतःहून "या, बघा" म्हणतात. फक्त उंची त्यांच्या हिशेबाने लावलेली असते, बाबांना टाचा उंच कराव्या लागतील.