मदत हवी आहे: चॅम्पियन होऊनही ११वं सीड (मानांकन) का?

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल जाणणाऱ्यांनी जरा समजावून सांगा. २०२४ च्या एसीसी (अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, कॉलेज संघांचा एक गट) स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेट हा संघ दहावं सीड. साखळीतले शेवटचे चारही सामने हरलेले. तरी पाच दिवसांत पाच सामने मारले! ड्यूकला घरी पाठवलं. व्हर्जिनियाविरुद्ध त्यांच्याच मायकल ओकॉनेलनं शेवटच्या क्षणी लांबून फेकलेला बॉल बोर्डावर आपटून आत, सामना ओव्हरटाइममध्ये (जादा वेळेत). फायनलला अव्वल सीड नॉर्थ कॅरोलायना (हा वेगळा संघ) ८४-७६ नं गारद.

एवढं करून एनसीएएमध्ये (त्यानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेत) ११वं सीडच? निवड समिती साखळीतल्या पराभवांना एवढं वजन देते का? की फायनल होईपर्यंत सीडिंग जवळपास ठरलेलंच असतं? (पुढे हीच टीम फायनल फोरला (शेवटच्या चार संघांत) पोचली, ते सोडा.) राली-कॅरीकडचं (या संघाच्या भागातलं) कोणी आहे का इथे?