जुनी मिनीव्हॅन: रनिंग कमी आहे, एवढ्यावर घ्यावी का?

प्रश्न
घरात आम्ही सहा जण. आईचे गुडघे दुखतात, म्हणून सरकत्या दाराचीच गाडी हवी आहे. ११ वर्षांची एक ऑटोमॅटिक मिनीव्हॅन पाहिली, मीटरवर फक्त ६२ हजार किमी. रंग चकाचक आहे, मालकही नीट बोलतो. जुनी गाडी पहिल्यांदाच घेतोय. शनिवारी परत बघायला जायचंय, नेमकं काय बघू?

उत्तर १
मीटर काय सांगतो ते सोडा, झीज बघा. ब्रेक पेडलचं रबर गुळगुळीत झालं असेल तर ६२ हजारांवर विश्वास ठेवू नका. टायरचं वयही बघा: त्यावर चार आकडे असतात, ३२१९ म्हणजे २०१९ च्या ३२ व्या आठवड्यात बनलेला.

उत्तर २
मी सात वर्षांपूर्वी अशीच गाडी घेतली आणि फसले, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पोहोचले तेव्हा गाडी चालूच होती. "तुमच्यासाठी एसी गार करून ठेवलाय," मालक म्हणाले. मला बरंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घरी स्टार्टर मारला, तर सायलेन्सरमधून निळा धूर. इंजिनात ऑइल जळत होतं, आणि गरम इंजिनात ते दिसलं नव्हतं. तेव्हा आधीच फोन करून सांगा, आम्ही येईपर्यंत गाडी चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर सरळ दुसरा दिवस ठरवा.

दुसरं, टेस्ट ड्राइव्हला सगळे पुढेच बसतात. मागच्या एसीचे पाइप बऱ्याच गाड्यांत खालून जातात, गंजून गळतात, आणि ते मागे बसणाऱ्यालाच कळतं. घरच्या सहाही जणांना बसवून चढावर न्या. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची खरी परीक्षा वजन घेऊनच होते. ब्रेक दाबून डी (पुढचा) आणि आर (रिव्हर्स) गिअर टाकून बघा. गिअर पडायला वेळ लागला किंवा गाडीला धक्का बसला, तर सोडून द्या.

आणि दार! दहा वेळा उघडा-मिटा. मिटताना शेवटी चार बोटं उरली की अडखळत असेल तर रोलर, म्हणजे दार ज्यावर सरकतं ती चाकं, झिजले असू शकतात.

उत्तर ३
वरचं सगळं बरोबर. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनरही मेकॅनिककडून लावून घ्या. चेक इंजिनचा दिवा बंद दिसतो, पण कोड कालच पुसलेले असू शकतात. तसं असेल तर स्कॅनरवर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात. इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडमीट करायला चेन नसून रबरी पट्टा (टायमिंग बेल्ट) असेल तर तो कधी बदलला त्याचं बिल मागा. बेल्ट वर्षांनीही म्हातारा होतो. रनिंग कमी म्हणून अनेक जण तो बदलतच नाहीत, आणि तुटला तर बऱ्याच इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात.

प्रश्नकर्ता
मनापासून आभार. मालकांना आत्ताच फोन केला, गाडी गार राहू द्या म्हणून. बेल्टचं बिल शोधून ठेवतो म्हणाले. शनिवारी आईलाही नेतोय, दार तीच उघडून बघेल.