बेसमेंटमध्ये पाणी चढलं की एसएमएस आणि फोन करणारा मोडेम सुचवा, बजेट ६,०००

परळकर_सचिव
नमस्कार मंडळी,
मुंबईत हिंदमाताजवळ आमची सोसायटी. बेसमेंटला पार्किंग, मीटर रूम तळमजल्यावर. बेसमेंटच्या कोपऱ्यात सम्प (पाणी गोळा होणारा खड्डा) आहे, त्यात दोन पंप फ्लोटवर, म्हणजे पाण्याबरोबर वर-खाली होणाऱ्या स्विचवर, चालतात. रात्री पंप ट्रिप झाला तर कोणालाच पत्ता लागत नाही. वॉचमन गेटवर असतो, खाली उतरून बघेपर्यंत गाड्यांच्या सायलेन्सरपर्यंत पाणी आलेलं असतं.

हवंय ते एवढंच: पाणी ठरावीक उंचीच्या वर गेलं की पाच जणांना एसएमएस जावा, आणि त्यातल्या तिघांना आपोआप फोन जावा. फोन उचलला की रेकॉर्ड केलेला आवाज ऐकू यावा. एसएमएस मराठीत जमला तर उत्तम. कमिटीने ६,००० मंजूर केलेत, त्यावर एक रुपया मिळणार नाही. सम्पपाशी मोबाईलला रेंज नाही. मला प्रोग्रॅमिंग येत नाही, पण आमचा इलेक्ट्रिशियन हुशार आहे.

२जी घ्यावा की ४जी? सिम कोणाचं? पावसाळ्याआधी बसवायचंय.

लॅमिंग्टन_रोडवाला
डोळे झाकून सिम७६०० मोड्यूलचा ४जी बोर्ड घ्या आणि रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावा. माझ्याकडे वर्कशॉपमध्ये हाच सेटअप आहे. एसएमएस जातो, कॉल जातो, कॉलमध्ये फाईल वाजवता येते, शिवाय कॅमेऱ्याचा फोटोसुद्धा पाठवतो. पाय, बोर्ड, अँटेना, पॉवर सप्लाय, डबा धरून पंधरा हजारांच्या आत सहज बसेल. त्यासाठीचं पायथन प्रोग्रॅमिंग शिकायला एक शनिवार-रविवार पुरतो.

परळकर_सचिव
दादा, बजेट ६,००० आहे, आणि उद्या मी सचिव नसलो तर पायथन कोण बघणार?

कोल्डरूम_ताई
आमची लसींची कोल्डरूम आहे, तापमान २ ते ८ अंशांत ठेवावंच लागतं. त्यामुळे अलार्म हा माझ्यासाठी रोजचा विषय. पहिल्या सप्लायरने नुसता एसएमएसवाला डबा दिला होता. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला, मेसेज निघाला, पण माझ्या फोनवर पोचला सकाळी. डब्याच्या नोंदीत "पाठवला" असं स्वच्छ दिसत होतं, म्हणून सप्लायरने हात वर केले. एसएमएस आधी ऑपरेटरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून सवडीने पुढे सरकतो. नेटवर्कवर गर्दी असली की तो तिथेच अडकतो. तुमचं पाणी वाढणार ते नेमकं मुसळधार पावसाच्या रात्री, म्हणजे गर्दीच्याच वेळी.

म्हणून कॉल हा मुख्य अलार्म धरा आणि एसएमएस फक्त नोंदीसाठी ठेवा. पहिल्याने उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला, आणि कोणी कीपॅडवर आकडा दाबेपर्यंत फेरी चालू, असा डबा मागा. नुसतं "कॉल उचलला" यावर समाधान मानणारा डबा घेऊ नका. झोपेत उचलून परत झोपणारी माणसं असतात.

आम्ही आता इलेक्ट्रिक पॅनेलमधल्या पट्टीवर बसणारा इंडस्ट्रियल मोडेम वापरतो, ९ ते २४ व्होल्टवर चालणारा. बसवून पंचवीस हजारांच्या घरात गेला, पण तेव्हापासून मी रात्री निवांत झोपते.

विरार_फास्ट
२०२५ मध्ये एसएमएस कोण वाचतं? वायफायवाला वॉटर सेन्सर घ्या, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज टाकेल. आमच्याकडे असाच आहे. स्वस्त आणि मस्त.

पंपवाला_घाटकोपर
वायफायचा राउटर लाईटवर चालतो. जोराच्या पावसात लाईट जाते म्हणून पंप थांबतो, पंप थांबतो म्हणून पाणी चढतं, आणि तेव्हाच राउटरही बंद. हे गणित बसत नाही.

सचिव साहेब, मोडेम कोणता हा प्रश्न नंतर बघू. आधी तो कुठे बसवणार ते ठरवा. सगळे मोडेम सम्पजवळ लावतात आणि मग लांब अँटेना केबल ओढत बसतात. अँटेना केबल जितकी लांब तितका सिग्नल वाटेतच मरतो. मोडेम वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवा, तिथे रेंज आहे. खाली न्यायची ती फक्त फ्लोटची दोन तारांची वायर. १२ व्होल्टवर नुसता संपर्क जुळला की सुटला एवढंच बघायचं असतं, त्यामुळे ती ५० मीटर गेली तरी बिघडत नाही.

आता फ्लोट. पंपाचा फ्लोट वापरू नका, त्यावर २३० व्होल्ट असतात. अलार्मसाठी दुसरा, स्वतंत्र फ्लोट घ्या आणि पंप सुरू होण्याच्या पातळीच्या वीतभर वर टांगा. पंप नीट चालत असेल तर पाणी तिथवर पोचतच नाही, त्यामुळे खोटा अलार्म येत नाही. जोडणी एनसी (नॉर्मली क्लोज्ड) करा: एरवी संपर्क जुळलेला, पाणी आलं की सुटतो. मग उंदराने वायर कुरतडली तरी अलार्म वाजतो. उलट, एनओ (नॉर्मली ओपन) केलं तर वायर तुटल्याचं तुम्हाला पाणी आल्यावरच कळेल.

दुसऱ्या इनपुटवर लाईट गेल्याची खबर घ्या, आणि डब्याला १२ व्होल्टची ७ अँपिअर-अवरची बॅटरी लावा.

जुना_टेलिफोनवाला
तांब्याच्या लँडलाईनला ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून येत. घरातली लाईट गेली तरी फोन चालू. त्यावर ऑटो डायलर (आपोआप नंबर फिरवणारा डबा) लावला की काम फत्ते. बँकांचे चोरीचे अलार्म वर्षानुवर्षं असेच चालले. आताची फायबरवाली लँडलाईन घरातल्या डब्यावर चालते. त्याची लाईट गेली की फोन मुका, आणि जुने मोडेमही त्यावर धड बोलत नाहीत. २६ जुलै २००५ ला मी ड्यूटीवर होतो, मोबाईल किती कामाला आले ते आम्ही बघितलंय.

सह्याद्री_७
काका, सांताक्रूझला त्या दिवशी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला होता. तेवढा पडला तर कुठलाच मोडेम कामाचा नाही. तसंही हिंदमाताचं पाणी आता पहिल्यासारखं तुंबत नाही. ब्रिटानिया पंपिंग स्टेशन आहे, जमिनीखालच्या टाक्या झाल्यात.

परळकर_सचिव
सह्याद्री, टाक्यांमुळे रस्त्यावरचं पाणी लवकर उतरतं हे खरं. आमच्या सम्पमध्ये येतं ते भिंतीतून झिरपणारं पाणी. भरतीच्या वेळी पाऊस लागला की ते दुप्पट होतं.

सह्याद्री_७
मग आधी वॉटरप्रूफिंग करा ना. मोडेमवर पैसे कशाला?

सिमकार्ड_शास्त्री
धागा मोडेमचा आहे, मोडेमवर येतो.

१. जिओचं २जी नेटवर्कच नाही. सिम८००, सिम९०० वगैरे २जी मोडेममध्ये जिओचं सिम मेलेलंच राहणार. तिथे एअरटेल किंवा व्ही (व्होडाफोन-आयडिया) लागेल.

२. ४जी मोडेममधून कॉल हवा असेल तर "४जी आहे" एवढ्यावर जाऊ नका. कॉलसाठी व्होल्टी (४जीवरून आवाज नेण्याची सोय) लागतं, आणि ते तुमच्या ऑपरेटरसाठी मोडेमच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे फर्मवेअरमध्ये, चालू असावं लागतं. ए७६७० किंवा ईसी२००यू यांसारख्या मोड्यूलमध्ये एकाच नावाचे बरेच प्रकार येतात. शेवटची अक्षरं बदलली की काहींत आवाज असतो, काहींत फक्त डेटा आणि एसएमएस. दुकानदाराला समोर कॉल लावून दाखवायला सांगा, तुमचंच सिम घालून.

३. मराठी एसएमएस. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. "बेसमेंटमध्ये पाणी वाढले. पंप तपासा." याचेच ३५ होतात. ७० च्या वर गेलात की मेसेजचे तुकडे पडतात. शिवाय बहुतेक तयार डबे देवनागरी स्वीकारतच नाहीत, घेण्याआधी विचारा.

४. साध्या सिमवरून पाच जणांना पाठवणं ठीक. सगळ्या फ्लॅटना एकदम सोडायला जाऊ नका, ऑपरेटर स्पॅम समजून सिम बंद करू शकतो. तसं करायचं असेल तर एसएमएस गेटवे, म्हणजे घाऊक मेसेज पाठवणारी सेवा, घ्यावी लागेल. मग ट्रायच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (अशा मेसेजच्या नोंदणीची यंत्रणा) सोसायटीची नोंदणी, हेडर (पाठवणाऱ्याचं नाव), मेसेजचा मसुदा मंजूर करून घेणं, सगळं आलं.

५. रिचार्ज! वैधता संपली की डब्यावरचे दिवे हिरवेच दिसतात, पण कॉल जात नाही. रोज सकाळी एक "मी चालू आहे" मेसेज सचिवाला येईल असं सेट करा. ज्या दिवशी तो आला नाही त्या दिवशी केबिनमध्ये जाऊन बघायचं.

कोल्डरूम_ताई
पाचवा मुद्दा सोन्यासारखा आहे. आमच्याकडे रोज सकाळी सातला येतो. आणि ज्या तिघांना कॉल जाणार त्यांच्या फोनमध्ये तो नंबर सेव्ह करून डू नॉट डिस्टर्बमधून वगळायला लावा, नाहीतर रात्री फोन वाजणारच नाही.

डोंगलप्रेमी
एवढी चर्चा कशाला? घरात जुना हुवावेचा ई१७३ डोंगल पडला असेल तर जुन्या लॅपटॉपला लावा, लिनक्सवर गामू हे एसएमएस पाठवणारं सॉफ्टवेअर टाका, एसएमएस फुकटात. कॉलसाठी अ‍ॅस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरला डोंगलचा ड्रायव्हर मिळतो. मी तर त्यावर अख्खा आयव्हीआर उभा केलाय, एक दाबा मराठीसाठी वगैरे.

लॅमिंग्टन_रोडवाला
सगळे डोंगल चालत नाहीत. हायलिंकवाले संगणकाला नेटवर्क कार्ड म्हणून दिसतात, सीरियल पोर्ट देतच नाहीत, मग एटी कमांड (मोडेमला द्यायच्या सूचना) पाठवणार कुठे? आणि चोवीस तास चालणारा लॅपटॉप केबिनमध्ये? पावसाळ्यात? सचिव साहेब, पुन्हा सांगतो, सिम७६००.

ठाणेकर_१९
+१ सिम७६००. २जी आता जाणारच. जिओने २०२४ मध्येच ट्रायला कळवलंय की २जी-३जी बंद करण्याचं धोरण आणा.

विरार_फास्ट
४जीला +१. आणि सोबत व्हॉट्सअ‍ॅप पण ठेवा.

पंपवाला_घाटकोपर
मीही ४जीच म्हणेन, पण तयार डबा घ्या, सुटा बोर्ड नको. मोड्यूल २जीवर सिग्नल पाठवताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत करंट ओढतं. सप्लाय तेवढा देणारा नसेल तर ऐन कॉलच्या वेळी रीस्टार्ट होतं, आणि लोक दोष सिमला देतात. तयार डब्यात हे आत सांभाळलेलं असतं.

परळकर_सचिव
मंडळी, मनापासून आभार. काल इलेक्ट्रिशियनला घेऊन लॅमिंग्टन रोडला जाऊन आलो. ठरलं ते सांगतो.

२जीचा तयार ऑटो डायलर घेतला. चार इनपुट, सहा नंबर, आवाज डब्यातच रेकॉर्ड होतो, कीपॅडवर ९ दाबल्याशिवाय फेरी थांबत नाही. डबा, बॅटरी, फ्लोट, वायर धरून ५,७०० झाले. सिम एअरटेलचं.

तुम्ही बहुतेक सगळ्यांनी ४जी सांगितलंत, त्याचं कारणही पटलं. पण बजेटमध्ये मिळणाऱ्या दोन ४जी डब्यांत दुकानातच सिम घालून कॉल लावायला सांगितला. एकाने कॉल लावलाच नाही. दुसऱ्याने लावला, पण पलीकडे आवाज ऐकू आला नाही. २जीवाल्याने पहिल्या झटक्यात लावला आणि माझ्या फोनवर शब्द न् शब्द ऐकू आला. मला येत्या पावसाळ्यात कॉल हवाय. २जी कधी बंद होणार याची तारीख आज कोणी देत नाही. बंद झालंच तर डबा बदलू. फ्लोट, वायर, बॅटरी, केबिनमधली जागा तीच राहील, आणि खर्च तिथेच जास्त झालाय.

एसएमएस इंग्रजीतच राहील, डब्याला देवनागरी येत नाही. आवाज मात्र मराठीत आणि हिंदीत, दोन्ही एकामागून एक. आमच्या वॉचमनच्याच आवाजात रेकॉर्ड केलाय, कारण त्याचा आवाज सगळे झोपेतही ओळखतात.

ठाणेकर_१९
पैसे वाया. वर्षभरात परत हाच धागा काढाल.

कोल्डरूम_ताई
दुकानात कॉल लावून बघितलात, हे फार बरं केलंत. बॅटरी काढून आणि लाईट घालवून, दोन्ही प्रकारे चाचणी घ्या. डबा बॅटरीवर असताना कॉल लागतो का ते बघा.

पंपवाला_घाटकोपर
फ्लोट एनसीच जोडलाय ना? आणि केबिनमध्ये डबा वॉचमनच्या रेडिओजवळ ठेवू नका, २जी पाठवताना स्पीकरमध्ये टकटक-घरघर येते.

परळकर_सचिव
एनसीच. बादलीत फ्लोट बुडवून बघितला, वायर कापूनही बघितली, दोन्ही वेळा फोन आला. ताई, लाईट घालवायची चाचणी रविवारी घेतो, पंपाच्या एमसीबीसकट.

डोंगलप्रेमी
ऑटो डायलर कोणत्या दुकानातून घेतला ते व्यनि करा. आमच्या टाकीच्या ओव्हरफ्लोसाठी हवाय.