१९६९ कॅमेरो: पुढे १३ इंची डिस्क बसवायच्या आहेत, चाकं कोणती घ्यावीत?

मिशिगनकर६९:
गाडी १९६९ ची शेवरले कॅमेरो, चारही चाकांना ड्रम ब्रेक. पुढे १३ इंची रोटर (ब्रेकची चकती) आणि चार पिस्टनच्या फिक्स्ड कॅलिपरचं (चकती दाबून धरणारा भाग) डिस्क ब्रेक किट घेतलंय, अजून खोक्यातच आहे. मागचे ड्रम तूर्तास तसेच राहतील. सध्या १५x७ ची (व्यास १५, रुंदी ७ इंच) रॅली व्हील्स (शेवरलेची जुन्या धाटणीची स्टीलची चाकं) आहेत, ती ठेवता आली तर उत्तम. नाहीतर १७x८ बघतोय. विकणारा म्हणतो, "१७ इंची असलं की बसतंच." खरं आहे का? आणि बॅकस्पेसिंग (हबवर टेकणाऱ्या जागेपासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) किती सांगू?

बॅकस्पेसिंग_काका:
१५ इंची विसरा. १३ इंची रोटरची त्रिज्या साडेसहा इंच, त्यावर कॅलिपर साधारण इंचभर बाहेर येतो. म्हणजे सगळं मिळून व्यास १५ इंचांच्या घरात जातो, आणि १५ इंची रिमचा आतला व्यास १५ पेक्षा बराच कमी असतो. १६ मध्येही सहसा जमत नाही.

पण "१७ असलं की बसतंच" हे अर्धंच खरं. १७ इंचांमुळे कॅलिपरच्या पाठीला, म्हणजे रिमच्या नळीकडे (टायर बसतो तो गोल भाग), जागा मिळते. कॅलिपरचं तोंड आरीच्या (चाकाच्या स्पोकच्या) मागच्या बाजूला घासतं की नाही, हे रिमच्या इंचांवर ठरत नाही. आरी हबपासून सरळ बाहेर जाते की आत वळून येते, त्यावर ठरतं. एकाच कंपनीची, एकाच मापाची आणि एकाच बॅकस्पेसिंगची दोन डिझाइन्स घ्या: एक आरामात बसेल, दुसरं पहिल्याच फेरीत कॅलिपर खरवडेल.

म्हणून किटसोबत येणारा कागदी साचा वापरा. छापताना 'मूळ आकार' निवडा. प्रिंटर 'पानात बसवा' करून ३ टक्के लहान करतो आणि कुणाला कळत नाही. साडेसात इंचांच्या त्रिज्येवर ३ टक्के म्हणजे जवळपास ६ मिमी, आणि तुम्हाला हवा असलेला वाव आहे ३ मिमी! साच्यावर मापाची रेघ असते, ती पट्टीने तपासा. मग जाड पुठ्ठ्यावर चिकटवून कापा, चाक पालथं ठेवा आणि साचा हबच्या बसणीवर टेकवून पूर्ण फिरवा. नळी आणि आरी, दोन्हीकडे निदान ३ मिमी मोकळं हवं. काही साच्यांत थोडा वाव आधीच धरलेला असतो, सूचना वाचा.

चाक हातात नसेल तर विकणाऱ्याला साचा पाठवा आणि त्याच्याकडून तपासून घ्या. तो तयार नसेल तर दुसरीकडून घ्या.

पान्हा_दहाचा:
वरचं सगळं बरोबर. बॅकस्पेसिंगचं उत्तर मात्र आत्ता देता येणार नाही, कारण नवा हब चाक किती बाहेर ढकलतो ते किटनुसार बदलतं. ड्रमच्या तुलनेत चाक बसायची जागा काही मिमी बाहेर येणं अगदी सामान्य आहे. म्हणून आधी ब्रेक बसवा, मग मापं घ्या, मग चाकं मागवा. उलट क्रमाने गेलात तर शेवटी स्पेसर (हब आणि चाकामध्ये घालायची चकती) शोधत बसाल.

हिशेब असा. ८ इंची रिमची पूर्ण रुंदी ९ इंच, मध्य ४.५ वर. म्हणजे ४.५ बॅकस्पेसिंग = शून्य ऑफसेट (हबवर टेकणारी जागा रिमच्या मध्यापासून किती सरकलेली, ते माप), ४.७५ = साधारण +६ मिमी. हब १० मिमी बाहेर आला असेल आणि टायर फेंडरखाली पूर्वीच्याच जागी हवा असेल, तर ४.५ ऐवजी ४.९ च्या आसपास लागेल.

मापं घेताना गाडी स्टँडवर, पण खालच्या आर्मखाली जॅक लावून सस्पेन्शन रोजच्या उंचीला आणा. लोंबकळत्या सस्पेन्शनवर घेतलेलं माप निरुपयोगी. हबच्या तोंडापासून आत टाय रॉड एंड (स्टीअरिंगच्या दांड्याचं टोक) आणि स्टीअरिंग आर्मपर्यंत, बाहेर फेंडरच्या ओठापर्यंत मोजा. नंतर स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून परत मोजा, फ्रेम आणि अँटी-रोल बारकडे लक्ष ठेवून. टायर २४५/४५ घेतलात तर बाहेरचा व्यास सुमारे २५.७ इंच येतो, कारखान्यातून येणाऱ्या जुन्या १४ इंची चाकाच्या टायरच्या जवळपास, त्यामुळे स्पीडोमीटर फारसा चुकणार नाही.

मिशिगनकर६९:
समजलं. बीएमडब्ल्यूची १७ इंची चाकं स्वस्तात मिळतायत, बोल्ट पॅटर्न (बोल्टची संख्या x त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५x१२० मिमी. कॅमेरोचा ५x४.७५ इंच. चालेल ना? आणि आरीला थोडं कमी पडलं तर ५ मिमी स्पेसर?

पान्हा_दहाचा:
नाही. ४.७५ इंच म्हणजे १२०.६५ मिमी. फरक किरकोळ वाटतो, पण नटचा शंकू एका बाजूने बसतो आणि स्टडवर (चाकाचा नट ज्यावर चढतो तो बोल्ट) सतत वाकवण्याचा ताण येतो. शिवाय त्या चाकांचा ऑफसेट जुन्या शेवरलेच्या पुढच्या बाजूसाठी फारच जास्त असतो. टायर आत जाऊन टाय रॉडला भिडेल.

स्पेसरने आरीला जागा मिळते हे खरं, पण टायर तेवढाच फेंडरकडे सरकतो. मुख्य म्हणजे स्टडवर नट पुरेसा चढला पाहिजे: निदान स्टडच्या व्यासाएवढी लांबी. अर्धा इंची, इंचाला २० आटे असलेल्या स्टडवर म्हणजे १० पूर्ण फेरे. ९ भरले तर लांब स्टड बसवा, "चालतंय" म्हणू नका.

जुनं_ते_सोनं:
एक वेगळी बाजू. रॅली व्हील्सचं रूप एवढं आवडत असेल तर ११ इंची डिस्कचं किट घ्या. डिस्कसाठीच्या १५x७ रॅलीत ते बसतं आणि रस्त्यावरच्या गाडीला पुरे पडतं. १३ इंचीचा फायदा डोंगरउतारावर किंवा ट्रॅकवर, वारंवार जोरात ब्रेक मारताना कळतो. मात्र ड्रमसाठीची १४ इंची चाकं असतील तर त्यात ११ इंचीही अडकू शकते. नाहीतर १७x८ मध्ये रॅलीच्या नकला मिळतात. फक्त हबची डस्ट कॅप आणि मधली टोपी एकमेकांत अडकत नाहीत ना ते बघा.

बॅकस्पेसिंग_काका:
किट बसवताना हेही बघून घ्या. नव्या हबवर बऱ्याचदा ४.५ आणि ४.७५ अशा दोन्ही वर्तुळांची भोकं असतात, स्टड योग्य वर्तुळात ठोका. पुढे अर्धा इंची आणि मागे जुने ७/१६ इंची स्टड झाले तर नट दोन मापांचे लागतील, डबे वेगळे ठेवा. शंकूच्या बसणीच्या चाकाला वॉशरवाला सरळ नट लावू नका.

आणि बॅलन्सिंगवाल्याला आधीच सांगा की शिशाची चिकटपट्टी नळीच्या आत कॅलिपरसमोर लावायची नाही. साच्यावर ३ मिमी मोकळं दिसतं, पण वजनाची पट्टीच ४-५ मिमी जाड असते. ती कॅलिपरला आपटून उडते आणि मग स्टीअरिंग थरथरायला लागतं. दुकानातून आल्यावर सगळे नट आवळून चाक हाताने फिरवा. शंका असेल तर कॅलिपरवर मुलांच्या खेळण्यातल्या मातीचा गोळा दाबून एक फेरा द्या, उरलेल्या मातीची जाडी व्हर्नियरने मोजा.

अर्धा इंची स्टडला ७५ ते ८५ फूट-पाउंड, चांदणीच्या क्रमाने; चाक बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा. ५० ते १०० मैलांनी परत तपासा.