कोबीच्या वावरातला कांदा मागं का राहतो?

कांदेवाला_चांदवड
राम राम मंडळी. दोन वावरं शेजारी शेजारी, मधे फक्त बांध. एकात खरिपाला बाजरी, दुसऱ्यात कोबी, आणि नंतर दोन्हीकडं उन्हाळ कांदा. रोप एकच, लागण एकाच हप्त्यातली, बेसल डोस सारखा, पाणी एकाच मोटारीचं. बाजरीवरचा कांदा महिन्याभरात उचल घेतो आणि कोबीवरचा तिथंच बसतो, पात बारीक, पिवळट पट्टे, जरा पिळल्यासारखी. यंदा तिकडं डीएपी (नत्र-फॉस्फरसचं खत) वाढवून दिलं तरी ढिम्म. मर रोग नाही, थ्रिप्स (फुलकिडे) नाहीत. दुकानदार म्हणतो मायकोरायझा, म्हणजे मुळीवर वाढणाऱ्या बुरशीची पावडर टाका. खरंच काही होतं का त्या पावडरनी का नुसता खर्च?

बागलाणचा_भाऊ
कोबी खादाड पीक दादा, सगळं ओढून घेतं. दोन ट्रॉल्या शेणखत टाका न बघा.

मूळ_संशोधक
शेणखत टाकाच, पण नुसतं खादाडपणाचं कारण असतं तर डीएपीनी थोडातरी फरक दिसला असता. माझा संशय दुसराच आहे. कांद्याची मुळी उपटून बघा, जाड पांढऱ्या दोऱ्या असतात, फाटे कमी आणि केशमुळं जवळपास नाहीतच. फॉस्फरस मातीत जागचा हलत नाही, मुळी आपल्या भोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरमधला खाऊन संपवते आणि पुढचा तिच्यापर्यंत येतच नाही. तिथं मायकोरायझाची बुरशी कामाला येते, तिचे तंतू मुळीतून निघून काही सेंटिमीटर लांब जातात आणि फॉस्फरस, झिंक आणून देतात, बदल्यात झाडाकडून साखर नि स्निग्ध पदार्थ घेतात. झाडानं बनवलेल्या अन्नाचा ४ ते २० टक्के वाटा या बुरशीला जातो असं मोजमाप आहे, म्हणजे फुकट काही नाही. पण ही बुरशी जिवंत मुळीशिवाय वाढत नाही, आणि कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी हे खानदान तिला मुळीत घेतच नाही (पालक-बीटही तसंच). बाजरी मात्र तिला भरपूर पोसते. म्हणजे तुमच्या एका वावरात कांदा लावताना बुरशी तयार होती आणि दुसऱ्यात तीन-चार महिने उपाशी. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्सला आपल्यासारखीच काळी, भेगाळणारी माती आहे, तिथं ओल साठवायला वावर लांबलचक पडीक ठेवायचे आणि पुढचं पीक उलट खुंटायचं, फॉस्फरस-झिंकची कमतरता दाखवायचं. १९८० च्या दशकात कळलं की पडीक काळात ही बुरशीच घटत होती.

कांदेवाला_चांदवड
हे कुणी सांगितलंच नव्हतं सर. माती परीक्षणात फॉस्फरस "जास्त" आलाय आणि सामू ८ च्या वर. मग पीएसबी (फॉस्फरस विरघळवणारे जिवाणू) सोडू का?

मूळ_संशोधक
चुनखडीच्या मातीत फॉस्फरस कॅल्शियमला चिकटून बसतो, तो पीएसबी थोडाफार मोकळा करतं. पीएसबी हमाल आणि बुरशी टेम्पो, हमालानं माल उतरवला तरी टेम्पो नसेल तर तो गावातच राहणार. आणि रिपोर्टमध्ये जास्त असताना वर डीएपी दिलं तर बुरशी अजून मागं हटते, कारण झाडच तिला दार उघडत नाही. त्यात झिंक अडकतं. तुमचे पिवळे पट्टे आणि पिळलेली पात बघता मला झिंकच वाटतंय, आत्ता चिलेटेड झिंकची फवारणी करून बघा.

रोपवाटिका_निफाड
पावडरबद्दल बोलतो, विकतो म्हणून नाही, वापरतो म्हणून. ही बुरशी नुसत्या बशीत वाढवता येत नाही, मुळीवरच तयार करावी लागते, म्हणून स्वस्तातली पुडी दिसली की शंका घ्यायची. उन्हात पडलेला जुना स्टॉक तर नकोच. पानावर फवारून काही उपयोग नाही, मुळीला लागली पाहिजे, म्हणून रोपवाफ्यातच बियाखाली द्यायची, एकरावर फेकण्यापेक्षा किती कमी लागते बघा. घरीही होते, गादीवाफ्यात बांधावरच्या गवताखालची माती मिसळून मका लावायचा, फुलोऱ्यानंतर पाणी तोडायचं, वाळल्यावर मुळ्या बारीक तोडून मातीसकट वापरायच्या. फक्त सूत्रकृमी किंवा मर असलेल्या जागेची माती घेऊ नका, नाहीतर तेच वाढवून बसाल.

बागलाणचा_भाऊ
आणि लागणीच्या आधी रोपं कार्बेन्डाझिम बुरशीनाशकात बुडवतो त्याचं काय? आम्ही तर दरवर्षी बुडवतो.

रोपवाटिका_निफाड
तिथंच गडबड होते भाऊ, ते औषध या बुरशीलाही मारक आहे. मरचा त्रास असेल तर बुडवा, पण मग पावडरवर पैसे घालू नका. दोन्ही करणारे बघितलेत मी.

कांदेवाला_चांदवड
पुढच्या साली कोबी बंद करायचा का मग? कोबीचे पैसे सोडवत नाहीत हो.

मूळ_संशोधक
बंद कशाला, त्यावर गहू घ्या. गव्हाच्या मुळ्या दाट, बारीक, त्याचं बुरशीवाचून फारसं अडत नाही. कांदा बाजरी-मक्याच्या वावरात न्या. आणि यंदा कोबीवाल्यात डीएपीचा पुढचा हप्ता देऊ नका.