जुन्या मॉडेल १० रिव्हॉल्वरचं ब्लूइंग (पोलादावरचा निळा-काळा थर) घरी जमेल का?

टेक्सासवाला: स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० सेकंडहँड घेतलंय, .३८ स्पेशल गोळीचं, पोलिसांकडचं जुनं. चालतं मस्त पण होल्स्टरमध्ये घासून घासून नळीचं टोक नि सिलिंडरच्या कडा पांढऱ्या पडल्यात, थोडा गंजही आहे. घरी कोल्ड ब्लू (न तापवता लावायचं ब्लूइंगचं रसायन) लावू की गनस्मिथकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) देऊ?

जुनाट: एवढ्याशासाठी गनस्मिथ कशाला. आधी सिलिंडर उघडून रिकामं आहे ना ते दोनदा बघ. गंजावर तेल टाकून ०००० नंबरची स्टील वूल हलक्या हाताने फिरव, मग अ‍ॅसिटोनने सगळं तेल काढ, बोटाचा ठसा राहिला तरी तिथे रंग नीट धरत नाही. मग कोल्ड ब्लूचा पातळ हात मार, पूस, परत मार, शेवटी तेल. कोल्ड ब्लूमध्ये सेलेनियम असतं, विषारी आहे, ग्लोव्हज घाल आणि खिडकी उघडी ठेव.

बाबूराव_ओहायो: डागडुजीला ठीक, पण कोल्ड ब्लू टिकत नाही रे, रोज होल्स्टरमध्ये राहणार असेल तर परत तेच. हॉट ब्लू टिकतं पण ते कॉस्टिक सोडा नि नायट्रेटचं १४० डिग्रीच्या आसपासचं द्रावण, घरी नकोच. आणि बफिंग व्हील अजिबात लावू नको, कडा गोल होतात, अक्षरं जातात. मुठीखालचा सिरियल नंबर घासला गेला तर फेडरल कायद्याची भानगड, वेगळीच कटकट.

टेक्सासवाला: साइडप्लेट (आतल्या यंत्रणेवरचं बाजूचं झाकण) काढावी लागेल का?

जुनाट: नाही, फक्त मुठीच्या लाकडी पट्ट्या काढ. हॅमर-ट्रिगरवर केस हार्डनिंगचे (पोलादाचा वरचा थर कडक करताना उमटलेले) रंग असतील, त्यांना हात लावू नको.